तीन महिन्यांच्या मोटारहोम प्रवासाआधीचे शेवटचे दोन आठवडे: वजन, कागदपत्रं आणि निरोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरला राहणारं साठी ओलांडलेलं मराठी जोडपं आणि त्यांची ३५०० किलो वजनमर्यादेची मोटारहोम, म्हणजे आत पलंग, ओटा, टॉयलेट असलेली घरवजा गाडी. ५ जानेवारीला फोकस्टनहून चॅनल टनेलने फ्रान्स, तिथून स्पेन आणि पोर्तुगाल, एकूण साधारण तीन महिने. एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं), दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी. सांगलीला वयस्कर आई. शेवटच्या पंधरा दिवसांत काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि सगळ्यांचा निरोप कधी घ्यावा?

उत्तरात मी सगळ्यात जास्त भर क्रमावर देईन. खरेदी, दुरुस्ती आणि सामान भरणं निघण्याच्या आठ दिवस आधी संपलं पाहिजे. त्यानंतरचा आठवडा वजन करणं, एक रात्र गाडीत झोपून पाहणं आणि माणसांना भेटणं यासाठी मोकळा ठेवा. बहुतेक लोक उलट करतात. आधी भेटीगाठी, मग शेवटच्या दोन रात्री जागून सामान भरणं. महत्त्वाच्या चुका त्या दोन रात्रींत होतात.

कागदपत्रांतल्या चुका रस्त्यावर सुधारता येत नाहीत, म्हणून आधी ती पाहू. भारतीय पासपोर्टवरच्या शेंगेन व्हिसाच्या (फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल धरून युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) स्टिकरवर तीन गोष्टी वाचा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवसांचा मुक्काम आणि प्रवेश किती वेळा. मुक्कामाचे दिवस आणि वैधतेच्या तारखा या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिने वैध असलेल्या व्हिसावरही मुक्काम पंचेचाळीसच दिवसांचा असू शकतो. प्रवेश 'मल्टिपल' असणं तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. आईची तब्येत बिघडली आणि माद्रिदहून विमानाने भारतात जावं लागलं, तर एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर परत स्पेनला येता येणार नाही आणि गाडी तिथेच अडकेल. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर तशा प्रसंगी गाडी कोण परत आणणार आणि त्याचं नाव विम्यात चालक म्हणून घालता येईल का, हे आत्ताच ठरवा.

नव्वद दिवसांचा नियम दोघांनाही लागू आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही धरून. ५ जानेवारीला आत गेलात आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत शेंगेनमध्ये पाऊल टाकलेलं नसेल, तर शेवटचा दिवस ४ एप्रिल येतो (लीप वर्ष नसताना). आधीची एखादी पॅरिसची शनिवार-रविवारची सहल त्यातून वजा होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. तिच्यात चेहऱ्याचा फोटो घेतात, व्हिसा न लागणाऱ्यांच्या बोटांचे ठसेही घेतात आणि दिवस संगणक मोजतो. परतीचं तिकीट ४ एप्रिलचं न काढता ३० मार्चच्या आसपासचं काढा. संप, वादळ, गाडी गॅरेजमध्ये अडकणं यासाठी चार-पाच दिवस हाताशी हवेत.

ब्रिटिश पासपोर्ट आत जाण्याच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. सोबत मूळ ओसीआय कार्ड ठेवा. ते घरच्या कपाटात राहिलं, तर ऐनवेळी भारताच्या विमानात बसता येणार नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने आपला ब्रिटनचा ई-व्हिसा (कायम राहण्याच्या परवानगीची ऑनलाइन नोंद) सध्याच्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला आहे ना, हे खात्यात शिरून पाहावं. पासपोर्ट नवा काढला आणि खात्यात क्रमांक जुनाच राहिला, असं पुष्कळदा होतं, आणि ते परतीच्या वेळी लक्षात येतं.

गाडीचं मूळ व्ही-फाइव्ह-सी (नोंदणीचं कागदपत्र) सोबत हवं. एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) परदेशात करता येत नाही. ते प्रवासाच्या मधे संपत असेल तर आत्ताच करून घ्या. मुदत संपायला एक महिन्यापेक्षा कमी उरला असेल तर पुढच्या वर्षीची जुनी तारीख कायम राहते, त्याआधी केलंत तर तारीख मागे सरकते. दोन्ही चालेल, पण एमओटी चालू नसताना गाडी बाहेर ठेवू नका. विमा कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: सलग किती दिवस परदेशात पूर्ण संरक्षण आहे? काही पॉलिसींत ते ९० दिवसांवर थांबतं आणि पुढे फक्त कायद्यापुरतं तृतीय पक्षाचं उरतं. ब्रेकडाउन सेवेला दोन प्रश्न: एका प्रवासाचे जास्तीत जास्त दिवस किती, आणि गाडीची लांबी-वजन बसतं का. प्रवासविम्याच्या वार्षिक पॉलिसीत एका सहलीची मर्यादा बऱ्याचदा ३१ दिवसांची असते, ती वाढवून घ्यावी लागते. जीएचआयसी कार्ड (ब्रिटनच्या रहिवाशांना युरोपात सरकारी उपचारांसाठी) मोफत मिळतं, सरकारी दवाखान्यात उपयोगी पडतं, पण रुग्णाला घरी आणण्याचा खर्च त्यात नाही.

आता वजन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण लांबच्या प्रवासाला निघालेल्या ३५०० किलोच्या गाड्या सहज मर्यादेबाहेर जातात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. समजा कागदावर गाडीचं चालू स्थितीतलं वजन (चालक धरून) ३०५० किलो आहे. म्हणजे हाताशी ४५० किलो. त्यातून दुसरी व्यक्ती ६५, कनात २५, मागचा रॅक आणि दोन इलेक्ट्रिक सायकली ६५, दुसरी बॅटरी २५, त्या वजनात न धरलेलं ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. झाले २६०. उरलेल्या १९० किलोंत कपडे, पांघरुणं, भांडीकुंडी, तीन महिन्यांचं वाणसामान, खुर्च्या, टेबल, हत्यारं आणि औषधं बसवायची आहेत.

एकूण वजनाइतकंच मागच्या अॅक्सलवरचं वजन पाहावं लागतं. मागच्या चाकांच्याही मागे टांगलेली वस्तू तरफेसारखी काम करते. दोन अॅक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि सायकलींचा रॅक मागच्या अॅक्सलपासून २.२ मीटर मागे असेल, तर ६५ किलोंचा भार मागच्या अॅक्सलवर ६५ गुणिले ६.२ भागिले ४, म्हणजे साधारण १०१ किलो पडतो. वरचे ३६ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी मग ओल्या गवतावर जागच्या जागी चाक फिरवते. म्हणून तांदूळ, डाळी, पाण्याच्या बाटल्या गाडीच्या मागच्या गॅरेजमध्ये (सामानाच्या मोठ्या कप्प्यात) न टाकता दोन अॅक्सलच्या मधे, शक्य तितक्या खाली ठेवा.

सामान पूर्ण भरून, डिझेल, गॅस, पाणी प्रवासाला असेल तितकं भरून, दोघंही गाडीत बसून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. तीन आकडे घ्या: फक्त पुढची चाकं, संपूर्ण गाडी, फक्त मागची चाकं. पावती जपून ठेवा. निघण्याच्या आधी सहा-सात दिवस हे केलं की काढायला वेळ राहतो. वजन जास्त भरलं तर सगळ्यात सोपा उपाय पाण्याचा: टाकी एक तृतीयांश ठेवा, मुक्कामाच्या अलीकडे भरा. त्यानंतर सायकली, मग कनात. गाडीची मर्यादा कागदोपत्री वाढवून घेण्याचा विचार या पंधरा दिवसांत करू नका. मर्यादा ३५०० च्या वर गेली की परवान्यावर सी-वन वर्ग लागतो. १ जानेवारी १९९७ पूर्वी इथली चारचाकीची परीक्षा पास झालेल्यांकडे तो आपोआप असतो, त्यानंतर भारतातून येऊन इथे परीक्षा दिलेल्यांकडे नसतो. फ्रान्सच्या टोलचा वर्गही दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातो आणि गाडीच्या बाजूंना व मागे 'ब्लाइंड स्पॉट'चे, म्हणजे ड्रायव्हरला न दिसणाऱ्या भागाचा इशारा देणारे, स्टिकर लावावे लागतात. छतावरची डिश किंवा एसी धरून उंची ३ मीटरच्या वर गेली तरी टोल तिसऱ्या वर्गाचाच लागतो. नेमकी उंची मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. तिकडे पुलांवर फूट-इंच नसतात.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. बाजूवर डीओटीनंतर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मोटारहोम महिनोन्महिने उभी असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर बारीक भेगा असतील तर निघण्याआधी बदला. हवा किती भरायची ते वजनकाट्याच्या पावतीवरून, टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहून ठरवा. चाकांचे नट टॉर्क पाना लावून घट्ट करा. नवे टायर बसवले असतील तर साधारण पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा. स्टेपनी आहे की फक्त पंक्चर बुजवणारी फोमची बाटली, हेही आत्ताच बघा.

गॅसबद्दल इथल्या सवयी तिकडे चालत नाहीत. ब्रिटिश सिलिंडर फ्रान्स-स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. पुन्हा भरता येणारी टाकी असेल तर अॅडॉप्टर सोबत हवेत: फ्रान्ससाठी डिश प्रकारचा, स्पेनसाठी युरो-नोझल. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरते, ती जागा गॅस प्रसरण पावण्यासाठी असते. जानेवारीत प्रोपेनच न्या. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणं थांबतं आणि पहाटे हीटर बंद पडतो. ४ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण ३२० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे ६ किलोचं सिलिंडर थंड फ्रान्समध्ये दोन रात्रींतही संपू शकतं. टनेलमध्ये जाताना सिलिंडर बंद करा, तिथे तपासतात. गाडी स्वतः एलपीजीवर धावणारी असेल तर टनेलमध्ये घेत नाहीत. स्वयंपाकाच्या गॅसला ठरावीक वजनापर्यंत हरकत नसते.

एक गोष्ट दर हिवाळ्यात घाबरवते. थंडीत बॉयलरखालून अचानक सगळं पाणी वाहून जातं आणि लोकांना वाटतं टाकी फुटली. ट्रुमा कंपनीच्या बॉयलरमधली, पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून असलेली हिमसंरक्षक झडप साधारण ३ अंशांना आपोआप उघडते आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद राहत नाही. आधी गाडी आतून गरम करा, मग झडप बंद करा, मग पाणी भरा. फ्रान्समधल्या बऱ्याच थांब्यांवर हिवाळ्यात नळ बंद ठेवतात, म्हणून बोर्दोपर्यंत पुरेल इतकं पिण्याचं पाणी कॅनमध्ये वेगळं असू द्या.

विजेचं गणित स्वयंपाकाशी बांधलेलं आहे. स्पेनमध्ये बऱ्याच कॅम्पसाइटवर ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. २००० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की खटका पडणार. कुकर गॅसवर ठेवा, मिक्सर चालवताना पाण्याचा हीटर बंद करा, किटली ९०० वॅटची घ्या. २५ मीटरची २.५ चौरस मिलिमीटरची केबल, दोन पिनांचं युरोपीय अॅडॉप्टर आणि प्लगमधल्या वायरी उलट जोडल्या आहेत का ते दाखवणारा टेस्टर या तीन वस्तू विसरू नका. प्रवासभर गुंडाळीवर ठेवलेली केबल जास्त भार दिल्यावर तापते, ती पूर्ण उलगडून वापरा.

शिदोरीच्या बाबतीत बहुतेक मराठी घरं अडखळतात. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दूध किंवा त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, चक्का, पेढे, बर्फी, खवा हे सगळं त्यात येतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबीर, लिंबंही प्रमाणपत्राशिवाय नेऊ नका. नारळ आणि केळी चालतात. डाळी, पोहे, कोरडे मसाले, तेलातला चिवडा, चकली, शेंगदाण्याची चिक्की बिनधास्त न्या. तुपासाठी तिकडे बिनमिठाचं लोणी घेऊन कढवा. तांदूळ पाच किलो पुरे, स्पेनमध्ये भरपूर मिळतो. आपलं वाटण आणि गोडा मसाला मात्र तिकडे मिळत नाही, तो न्या. निघताना हातावर दही-साखर द्यायचीच असते, पण ती दारातच खा आणि दह्याचं भांडं घरात ठेवा.

औषधं तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह. डॉक्टरकडे दोन आठवडे आधी जा. नाताळाच्या सुट्ट्यांत दवाखाने आणि फार्मसी दोन्ही ओढाताणीत असतात आणि तुमची तारीख नेमकी त्यानंतरची आहे. बाकीचं पटकन: समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून हेडलाइटवर चिकटवायच्या पट्ट्या, 'यूके' स्टिकर (स्पेनमध्ये नंबरप्लेटवर यूके असलं तरी लागतो), त्रिकोण, हाताशी येतील अशी चमकणारी जाकिटं, आणि सायकली मागे टांगल्या असतील तर स्पेनसाठी ५० गुणिले ५० सेंटिमीटरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक.

घराच्या विम्यात रिकाम्या घराची मर्यादा असते, बऱ्याचदा ३० किंवा ६० दिवस. कंपनीला कळवा, नाहीतर पाइप फुटल्यावर दावा नाकारला जातो. पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि हीटिंग १२ ते १५ अंशांवर ठेवा. टपाल रॉयल मेलच्या 'कीपसेफ'मध्ये १०० दिवसांपर्यंत राखून ठेवता येतं. शेजाऱ्याला किल्लीसोबत मुख्य नळ कुठे आहे ते हात लावून दाखवा. नुसतं सांगितलेलं ऐन पाणी गळताना आठवत नाही.

आता निरोप. याला मी सौजन्याचा भाग न मानता तयारीचाच भाग मानतो, कारण मागे राहिलेल्यांना काय माहीत आहे यावर संकटात तुमची मदत अवलंबून असते. मुलांपैकी एकाकडे एक पान द्या: गाडीचा नंबर, विमा आणि ब्रेकडाउनचे क्रमांक, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, औषधांची नावं, घराची किल्ली कोणाकडे आहे, पहिल्या दहा दिवसांचे मुक्काम. निरोप न आल्यास काय करायचं तेही त्यावर लिहा. 'रोज रात्री फोन करू' असं वचन देऊ नका. डोंगरात रेंज नसते आणि एक रात्र चुकली की इकडे सगळे जागतात. 'चोवीस तास काही आलं नाही तर काळजी नको, अठ्ठेचाळीस तास झाले तर शेवटच्या मुक्कामावर फोन करा' असं ठरवून घ्या.

सांगलीच्या आईंना बातमी निघाल्यावर देऊ नका. दोन-तीन आठवडे आधी सांगा. पहिल्या फोनवर त्यांची काळजी बाहेर येते, दुसऱ्या-तिसऱ्या फोनपर्यंत प्रश्न बदलतात, जेवाल काय, झोपाल कुठे यावर येतात. व्हिडिओवर गाडी आतून दाखवा: पलंग, ओटा, हीटर. स्पेन आणि सांगली यांत जानेवारीत साडेचार तासांचं अंतर असतं, पोर्तुगालमध्ये साडेपाच, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी दोन्ही तासाने कमी होतात. त्यांच्या संध्याकाळच्या चहाची वेळ ठरवली तर तुमची दुपार असते, गाडी उभी असते आणि उजेडात गावही दाखवता येतं. जवळ राहणाऱ्या भावंडाशी किंवा शेजाऱ्याशी वेगळं बोला: कोणती गोष्ट लगेच कळवायची, कोणती घरच्या घरी निस्तरायची, दवाखान्याचे पैसे कुठून द्यायचे. दोघांच्या तिकिटांपुरती रक्कम आणि गाडी ठेवण्यासाठी मोठ्या विमानतळाजवळच्या एक-दोन सुरक्षित पार्किंगांचे पत्ते आधीच लिहून ठेवा. भारतीय बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते सिम चालू आणि रोमिंगवर आहे का, हे घरी एक व्यवहार करून पाहा.

इथल्या मित्रमंडळींपैकी आजारी आणि फार वयस्कर असलेल्यांना सगळ्यात आधी, त्यांच्या घरी जाऊन भेटा. तीन महिने त्यांच्यासाठी मोठा काळ असतो, आणि घाईच्या शेवटच्या दिवशी नेमकी हीच भेट राहून जाते. बाकीच्यांसाठी एक जेवण, शेवटच्या मोकळ्या आठवड्यात, आणि घरात. गाडी दाखवायची हौस समजते, पण वीस माणसं आत चढली की कप्पे उघडले जातात आणि वस्तूंच्या जागा बदलतात. वजन करून झाल्यावर कोणाचाही डबा, घोंगडी किंवा भेटीचं पार्सल घेऊ नका, आणि हे आमंत्रण देतानाच प्रेमाने सांगा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाण्या-येण्याच्या तारखा टाकू नका. रिकाम्या घराची माहिती कोणापर्यंत पोचते ते आपल्या हातात राहत नाही.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी एक रात्र घरासमोर गाडीत झोपा, घरात पाऊल न टाकता. स्वयंपाक, अंघोळ, हीटर, टॉयलेट सगळं गाडीतलंच वापरा. काय राहिलं ते त्या रात्री कळतं. फ्रिज निघण्याच्या चोवीस तास आधी घरच्या विजेवर चालू करा, इंजिनवर तो थंड होत नाही, फक्त थंडपणा टिकवतो.

निघण्याच्या सकाळी शेजारीपाजारी, मुलं, नातवंडं दारात जमतात. बोलण्यात लक्ष जातं आणि विजेची केबल लागलेलीच राहते, छताची खिडकी उघडी राहते, पायरी बाहेर राहते. यावर एकच उपाय मला खात्रीने चालताना दिसला आहे. माणसं यायच्या तासभर आधी एकाने यादी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यावं: केबल, पायरी, खिडक्या, अँटेना, गॅस, फ्रिजचं कुलूप, सांडपाण्याची झडप, कप्प्यांच्या कड्या. मग गाडी बाहेर रस्त्यावर नेऊन लावा, घराच्या मीटरचे फोटो काढा, मुख्य नळ बंद करा, दार लावा, आणि त्यानंतरच निरोप घ्या. नारळ गाडीपुढे वाढवायचा असेल तर टायरपासून लांब, करवंटीचे तुकडे झाडून घ्या. गणपतीची मूर्ती डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका.

त्या दिवशी लेस्टरहून थेट टनेल गाठू नका. एक दिवस आधी निघून फोकस्टनच्या आसपास मुक्काम करा. पहिला थांबा साधारण तीस किलोमीटरवर घ्या: गाडीभोवती एक फेरी, चाकांना हात लावून कोणतं जास्त तापलंय का ते पाहणं, आतले कप्पे, सिंकखाली पाणी. तिथून घरच्यांना पहिला निरोप पाठवा, त्यात ठिकाण आणि वेळ लिहा, आणि पुढचा निरोप कुठून येईल तेही.